गोलमागची खिडकी

आमच्या साइटवर ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे दोन शब्द वापरायला बंदी आहे. नवीन आलेला माणूस हे ऐकून हसतो. मग क्रेनला टांगलेला सळयांचा भारा डोक्यावरून जायला लागतो, खालून कुणीतरी ‘डावीकडे घे’ म्हणून ओरडतो आणि त्याचं हसू जिरतं. क्रेनवाल्याची डावी बाजू वेगळी, ओरडणाऱ्याची वेगळी आणि भाऱ्याखाली उभ्या असलेल्या बिचाऱ्याची आणखी वेगळी. म्हणून आमच्याकडे ‘शाळेकडे घे’, ‘पंपाकडे घे’, ‘रस्त्याकडे सोड’ असं बोलायचं, आणि ज्याला सांगायचंय त्याचं नाव आधी घ्यायचं. मी सुपरवायझर झाल्यापासून हा नियम आहे. तो मोडला की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरलेलं डोकं साऱ्या साइटला ठाऊक आहे. नियम मात्र माझा नाही. तो आमच्या कॉलेजातल्या टेलिफोन ऑपरेटर मावशींचा आहे, आणि त्यांनी जन्मात कधी क्रेन पाहिली असेल असं मला वाटत नाही.

मी कॉलेजच्या फुटबॉल संघात गोलकीपर होतो. संघात मला ‘चाळणी’ म्हणत. यावरून काय ते समजा.

आमचा संघ हरायचा, आणि गुपचूप हरायचा. आधीच्या खेळाच्या सरांचा दंडकच होता की मैदानावर तोंड बंद आणि पाय चालू. ते निवृत्त झाले, पण त्यांची शिस्त मागे राहिली. अकरा जण मिठाची गुळणी धरल्यासारखे मैदानभर धावायचे. पाठीमागून गडी आला तरी कुणी कुणाला सांगायचं नाही. सरांच्या जागी दुसरं कुणी मिळेना, म्हणून भूगोलाच्या सरांच्या गळ्यात शिट्टी पडली. सर भला माणूस. पण खेळाबद्दल त्यांना विचारलं की ते आधी वाऱ्याची दिशा सांगायचे.

मैदान चार गोष्टींच्या मधोमध होतं. एका लांब बाजूला लायब्ररी, समोरच्या लांब बाजूला कँटीन. एका गोलच्या मागे पाण्याची टाकी आणि दुसऱ्या गोलच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची बसकी रांग. त्या रांगेतली अगदी टोकाची खोली मावशींची. तिची खिडकी गोलच्या जाळ्याच्या बरोबर मागे. खिडकीखालून खडीची वाट जायची आणि कपडे बदलायच्या खोलीकडे वळायची. सामना संपला की दोन्ही संघ त्याच वाटेनं जायचे. नाणेफेक जिंकलो तर कप्तान सवयीनं खिडकीकडची बाजू आधी घ्यायचा, म्हणजे पहिल्या अर्ध्या डावात माझ्या पाठीशी मावशींची खिडकी असायची.

पण त्या मोसमातल्या पहिल्या सामन्यापर्यंत मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की कॉलेजला फोन लावला की ‘नमस्कार, कॉलेज. कोण बोलतंय, कोण हवंय?’ असा खणखणीत आवाज येतो. त्या सामन्यात समोरच्यांचा एक फटका गोलवरून गेला आणि त्यानं त्यांच्या खिडकीची जाळी फाडली. हरून झाल्यावर चेंडू आणायला आणि माफी मागायला मलाच पाठवलं. अशी कामं गोलकीपरकडेच येतात.

मावशी खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. चेंडू मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू का रे तो? सारखा ‘अरे देवा, अरे देवा’ करणारा?”

मी म्हटलं, “हो, मावशी.”

“आणि बाकीचे दहा जण कुठं असतात?”

“मैदानावरच असतात.”

“मग मेले बोलत का नाहीत? समोरचे बघ, कसे ओरडतात. ‘मागे ये’, ‘मला दे’, ‘सोड त्याला’. मला तुमचा सगळा सामना समोरच्यांच्या तोंडून कळतो. तुमच्या बाजूचं एवढंच कळतं की गोल बसला, कारण तू देवाला हाक मारतोस.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माझ्याकडे बघत नव्हत्या कारण त्यांना मी दिसतच नव्हतो. नजर कडेकडेनं आत आकसत गेली होती आणि गेल्या काही वर्षांत उजेड-अंधारापलीकडे काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. टेलिफोनच्या बोर्डावरचं काम मात्र त्या बोटांनी आणि कानांनी बिनबोभाट करत होत्या. प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

त्यांची हकीकत मला हळूहळू कळली, कारण पुढे मी उठसूट त्यांच्या खिडकीशी जाऊन उभा राहायला लागलो. वडील गेल्यावर धाकट्या भावाला शिकवायचं म्हणून त्या अगदी कोवळ्या वयात नोकरीला लागल्या. तेव्हा बोर्ड नवा होता आणि कॉलेजही. भाऊ इथंच शिकला, याच संघात खेळला. त्या खिडकीत उभ्या राहून त्याचा खेळ बघायच्या. मग तो नोकरीसाठी दूर गेला, तिकडेच संसार थाटला आणि तिकडेच फार लवकर गेला. त्याची मुलगी, म्हणजे मावशींची भाची, तेवढी उरली. स्वतःच्या लग्नाचं कुणी विचारलं की मावशी म्हणायच्या, “लाइन बिझी होती.” पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

“भाऊ होता तेव्हा तरी संघ जिंकायचा का हो?” मी एकदा विचारलं.

“छे! तोही हरायचाच. पण बडबड करत हरायचा.”

त्या वर्षी त्यांची नोकरी संपत होती. बोर्डाच्या जागी आपोआप फोन जोडणारं यंत्र बसणार होतं. मोसम संपला की खोली रिकामी करून त्या भाचीकडे जाणार होत्या. भाचीचं घर दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर. तिथं खिडकीखाली मैदान नव्हतं, नुसता वाहनतळ होता.

“जाण्याचं मला काही नाही रे,” त्या म्हणाल्या. “भाची गुणाची आहे. पण एक राहिलंय. तुम्ही जिंकलेलं मी एकदोनदा पाहिलंय, दिसत होतं तेव्हा. ऐकलेलं नाही. दिसत असताना कान कोण देतो? हरल्यावर तुम्ही कसे जाता ते मला पाठ आहे. खडीवर बूट घासत जाता, पोतं ओढल्यासारखे. जिंकल्यावर कसा आवाज येतो, ते मला माहीतच नाही. या खिडकीतून एकदा ऐकू दे, मग मी जाते.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. एखादं राहिलेलं काम सांगावं तसं त्या सांगत होत्या. म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी ते कप्तानाला सांगितलं. कप्तान कमी बोलणारा, कपाळावर कायम आठी. त्यानं सरांना सांगितलं. सर आकाशाकडे बघत म्हणाले, “जिंकणं काही आपल्या हातात नाही. बोलणं आहे. बोलून बघू.”

दुसऱ्या दिवसापासून सरावाला मावशी खिडकीत हजर. आम्ही बोलायचं ठरवलं होतं खरं, पण वर्षानुवर्षं कुलूप लागलेली तोंडं उघडेनात. आधी ततपप झालं, मग एकदम सगळे मिळून ‘ए! ए! इकडे! अरे!’ करून कोकलायला लागले. खिडकीतून आवाज आला, “गप्प बसा!” सगळे गप्प.

“एका वेळी अकरा जणांनी फोन उचलला तर कुणाला काय कळणार? आणि ‘ए’ म्हणजे कोण? ‘इकडे’ म्हणजे कुठं? मी बोर्डावर काय विचारते? कोण बोलतंय, कोण हवंय. कोण बोलतंय ते मला आवाजावरून कळेल. कोण हवंय ते आधी बोला. मग कुठं ते बोला.”

कप्तानानं चेंडू घेतला आणि घसा खाकरून म्हणाला, “लांब्या, डावीकडे!” लांब्या म्हणजे आमचा पुढचा गडी. तो ताडासारखा उंच होता आणि पळायला लागला की स्वतःच्याच पायात अडकायचा.

“कुणाच्या डावीकडे?” खिडकीतून प्रश्न आला.

“माझ्या.”

“तुझं तोंड कुठंय ते मला कसं कळणार? आणि हा लांब्या तुझ्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याची डावी कुठली? जागा सांग ना, जागा! लायब्ररीकडे का कँटीनकडे?”

तो क्षण मला अजून दिसतो. कप्तानाच्या कपाळावरची आठी गेली. तो लायब्ररीकडे बघत राहिला, जणू ती इमारत आत्ताच कुणीतरी तिथं आणून ठेवली होती. मग तो ओरडला, “लांब्या, लायब्ररी!” आणि लांब्या चक्क बरोबर जागी पळाला.

तेव्हापासून आमच्या चार दिशा ठरल्या. लायब्ररी, कँटीन, टाकी आणि खिडकी. अर्ध्या डावानंतर बाजू बदलल्या तरी इमारती जागच्या हलत नसल्यामुळे घोटाळा व्हायचा नाही. मावशी खिडकीत बसून सामना ‘बघायला’ लागल्या. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना कधीच कळलं नाही. “चेंडू आत गेला ना? मग गोल का नाही?” यावर सरांनी त्यांना जमिनीवर रेघा मारून समजावायचा प्रयत्न केला. रेघा त्यांना दिसत नाहीत हे सरांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पण चेंडू कुणाकडून कुणाकडे चाललाय, हे त्या शेजारच्या खोलीतल्या लिपिकाच्या आईला न चुकता सांगायच्या. घरच्या मैदानावर आम्ही बरोबरी करायला लागलो. आमच्यासारख्यांना ती दिवाळीच होती.

मग आम्ही पहिल्यांदा दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर खेळायला गेलो, आणि असा फजितवाडा झाला की आजही आठवलं की कानशिलं तापतात.

त्या मैदानाच्या कडेलाही एक लायब्ररी होती. चांगली मोठी, ठळक पाटी लावलेली. पण आमच्याकडे ज्या बाजूला कँटीन, त्या बाजूला ती होती. कप्तान ओरडला, “लांब्या, लायब्ररी!” कप्तानाच्या डोक्यात आमची लायब्ररी, लांब्याच्या डोळ्यांसमोर त्यांची. चेंडू गेला एकीकडे आणि लांब्या गेला दुसरीकडे. पुढच्या वेळी ‘कँटीन’ म्हटल्यावर दोघं समोरासमोरून येऊन एकमेकांवर असे आदळले की शिट्टी वाजवायची का हसायचं, ते पंचांना कळेना. मग कुणीतरी ‘टाकी’ म्हणून ओरडला. तिथं टाकीच नव्हती. आमचा बचाव टाकी शोधत उभा राहिला आणि समोरचा गडी आरामात चालत येऊन गोल मारून गेला. शेवटी शेवटी तर प्रेक्षकच ‘लायब्ररी! लायब्ररी!’ म्हणून आमची टर उडवत होते. मी किती वेळा ‘अरे देवा’ म्हटलं याचा हिशोब देवानंही सोडला असेल.

परतीच्या बसमध्ये भांडण पेटलं. लांब्या म्हणाला, पाटी समोर दिसत असताना मी दुसरीकडे कशाला पळू? कप्तान म्हणाला, आपलं गप्पच बरं होतं. मीही चिडलो होतो. म्हणालो, गप्प राहून तरी काय दिवे लावले होते? यावर कप्तान माझ्या अंगावर धावून येणार, तेवढ्यात सर उठून बसच्या पुढच्या भागात उभे राहिले. काचेवर वाफ साचली होती. त्यांनी तीवर बोटानं एक मोठा चौकोन काढला.

“हे आपलं मैदान,” ते म्हणाले. “नकाशा असतो तो बरोबर न्यायला. गेलात तिथं पाट्या वाचत बसायचं नाही. सामना सुरू होताना चाळणी जिथं उभा असेल ती आपली खिडकी. चाळणीनं समोर बघितलं की डाव्या हाताला आपली लायब्ररी, उजव्या हाताला कँटीन, नाकासमोर टाकी. सामना संपेपर्यंत तेच. डोळे मिटा आणि आपलं कॉलेज आणा इथं.”

आम्ही बसमध्ये डोळे मिटले. ड्रायव्हरनं मिटले नाहीत म्हणजे मिळवली. आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी दिशा माझ्यावरून ठरली होती. घरी जाऊन मी आरशात जरा जास्त वेळ बघितलं, हे खोटं कशाला बोलू!

त्यानंतर कुठल्याही परक्या मैदानावर उतरलो की आम्ही आधी घोळका करून उभे राहायचो, डोळे मिटायचो आणि आमची लायब्ररी, आमचं कँटीन त्या मैदानाच्या कडांना नेऊन ठेवायचो. समोरचे समजायचे आम्ही प्रार्थना करतोय. आणि समोरच्यांना ‘टाकी’ म्हणजे काय ते कळायचं नाही, हा फायदा वेगळाच. परक्या मैदानावर आम्ही पहिला सामना जिंकलो तेव्हा कप्तान धावतच त्या कॉलेजच्या ऑफिसात गेला आणि फोन लावला.

“नमस्कार, कॉलेज. कोण बोलतंय, कोण हवंय?”

“मावशी, मी कप्तान! तुम्हीच हव्या आहात! जिंकलो आपण!”

मग मावशी म्हणाल्या, “फोनवर सगळेच जिंकतात रे. मला ऐकू येईल असं जिंका.”

आणि नेमकं तेच जमत नव्हतं. बाहेर आम्ही कधी जिंकलो, कधी बरोबरी केली. घरी मात्र खिडकीसमोर खेळायचं म्हटलं की आमचं चेंडूवरचं लक्ष उडायचं. सगळे एकसारखे तिच्याकडे बघत राहायचे. बरोबरी, बरोबरी, मग एक हार. मोसम सरत आला. मावशींच्या खोलीतलं सामान एकेक करून खोक्यांत गेलं. खिडकीवरचा पडदा निघाला. घरचा एकच सामना उरला, तोही त्या वर्षीच्या सगळ्यांत तगड्या संघाशी. सामना संपल्यावर संध्याकाळीच भाची त्यांना न्यायला येणार होती.

मी सामन्याआधी खिडकीशी गेलो. आत नुसती भिंत, दोरीनं बांधलेली खोकी आणि ती एक खुर्ची.

“मावशी, भीती वाटतेय.”

“मग काय, आज ‘अरे देवा’ आधीच म्हणून टाक. मागाहून गडबडीत राहायला नको.”

पहिल्या अर्ध्या डावात त्या माझ्या पाठीशी होत्या. इतक्या जवळ की मला त्यांची खुर्ची करकरलेली ऐकू यायची. समोरचे कँटीनच्या बाजूनं चढून आले की त्या आतून ओरडायच्या, “कँटीन, कँटीन!” मी ओरडायचो, “मावशी, मला दिसतं!” दोनदा मी चेंडू अडवला. तिसऱ्यांदा तो माझ्या बोटांना लागून आत गेला.

“मावशी, गेला.”

“कळलं. तुझ्या देवाला ऐकू आलं.”

मध्यांतर व्हायच्या जरा आधी टाकीकडच्या टोकाला आमच्या कप्तानानं लांबून असा एक फटका मारला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. मी वळून खिडकीत सांगितलं, “बसला! आपला बसला!” मावशींनी खिडकीच्या चौकटीवर दोन्ही हात आपटले.

मध्यांतरात आम्ही संत्री चोखत बसलो होतो. सर वाऱ्याबद्दल काहीतरी सांगत होते. मी ऐकत नव्हतो. आता मला टाकीकडे जायचं होतं. उरलेला सामना मावशींच्या जवळ आमचं कुणीच नसणार होतं. असणार होता तो समोरच्यांचा गोलकीपर, माझ्याहून बारका एक पोरगा, हातात त्याच्या मापाला मोठे झालेले हातमोजे.

दुसरा अर्धा डाव मी लांबूनच पाहिला. आमचे सगळे खिडकीकडे चढत होते. “लांब्या, खिडकी! खिडकी!” असा ओरडा मैदानभर चालला होता. कुणाला वाटलं असतं की आम्हाला गोल करायचा नाहीये, त्या खिडकीतून आत शिरायचंय. वेळ संपत आला. कोपऱ्यातून कप्तानानं चेंडू आत मारला. गोलसमोर सगळ्यांची एकच झुंबड झाली, लांब्या नेहमीप्रमाणे स्वतःच्या पायात अडकून पडला, आणि पडता पडता चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून जाळ्यात गेला.

आणि कुणीही बोललं नाही.

मोसमभर ज्यांच्या तोंडाला क्षणाची उसंत नव्हती, ते दहाच्या दहा जण मुके झाले. लांब्या जमिनीवर पडून पंचांकडे बघत होता. पंच कडेच्या निशाणवाल्याकडे बघत होते. निशाणवाला हातातलं निशाण वर करावं का खाली ठेवावं अशा विचारात दिसत होता. प्रेक्षकही गार. त्या शांततेत मला, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, मावशींचा आवाज ऐकू आला.

“काय झालं? अरे, कुणीतरी बोला ना! काय झालं?”

माझा जीव नुसता तळमळला. मी इथून ओरडून सांगणार तरी काय? मलाच माहीत नव्हतं. त्यांना वाटत असणार, गेला चेंडू बाहेर, हरली पोरं, संपलं.

तेवढ्यात मला समोरचा गोलकीपर दिसला. तो चेंडू काढायला जाळ्यात वाकला होता. तो तसाच सरळ झाला, वळला, खिडकीकडे बघून काहीतरी बोलला आणि मग चेंडू काखेत मारून खाली मान घालून उभा राहिला. पंचांची शिट्टी त्याच्यानंतर वाजली. त्यांनी मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

पुढचा सगळा वेळ आम्ही कसा काढला ते मला विचारू नका. समोरच्यांनी आमच्या नाकी नऊ आणले. एक चेंडू माझ्या पोटात लागून गेला. तो मी अडवला असं पेपरात छापायला हरकत नव्हती, पण खरं तर तो मला चुकवता आला नाही. मग शेवटची शिट्टी वाजली आणि मैदानभर जो काही गलका झाला त्यात मी नव्हतो. मी टाकीपासून खिडकीपर्यंत अख्खं मैदान पळत आलो, वाटेत पडलो, गुडघा फोडून घेतला आणि खिडकीच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

“मावशी! ऐकलंत?”

त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज तोच. “ऐकलं. आधी काहीच ऐकू आलं नाही. माझं काळीज थांबलं म्हटलं तरी चालेल. मग तो परका पोरगा म्हणाला, ‘गोल झाला, आजी. तुमच्यावाल्यांचा.’ आजी म्हणाला मला, मेला! पण बघ ना, पंचांनी अजून सांगितलं नव्हतं. त्याला गप्प बसता आलं असतं.”

मावशींना आमचा सामना कायम समोरच्यांच्या तोंडून कळायचा. आमचा विजयही तसाच कळला. आम्ही वर्षभर जे शिकलो ते नेमक्या वेळी विसरलो, आणि ते काम हरणाऱ्या संघाच्या पोरानं केलं. त्याचे उपकार मी मानतो. त्याचं नाव विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही, पण मानतो.

मावशी पुढे बरीच वर्षं भाचीकडे सुखानं राहिल्या. मी नोकरीला लागलो, लग्न केलं, पोरं झाली. दर थोड्या दिवसांनी फोन करायचो. त्या उचलल्याबरोबर म्हणायच्या, “कोण बोलतंय ते कळलं. कोण हवंय?” मी म्हणायचो, “तुम्हीच.” माझ्या थोरल्याला मी जागेचं नाव घेऊन बोलायला शिकवलं. साइटवर आजपर्यंत माझ्या एकाही माणसाच्या अंगावर भारा आला नाही. देवाची कृपा आहेच, पण अर्धी तरी मावशींची आहे. त्या गेल्याचं कळलं त्या दिवशी मी क्रेन बंद ठेवली. कारण कुणाला सांगितलं नाही. मला मात्र त्या आठवतात त्या त्याच संध्याकाळच्या.

भाची आली होती. खोकी गाडीत गेली होती. मावशी मात्र खुर्चीतून उठेनात. म्हणाल्या, “थांब गं. यांना आधी जाऊ दे. पोरांनो, आता त्या खडीवरून चालत जा. ओरडू नका, नाचू नका. नुसते चला. मला ऐकू दे.”

आम्ही एकामागून एक त्या वाटेनं निघालो. पुढे सर, मग कप्तान, मग बाकीचे. खडी कशी वाजत होती ते मी पहिल्यांदाच ऐकलं. पावलं उचलून पडत होती, हलकी, एकाची दुसऱ्यात मिसळत. मावशी चौकटीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. लांब्या अडखळला तेव्हा त्या म्हणाल्या, “हा लांब्या.” मी सगळ्यांत शेवटी होतो.

“चाळणी, तू अजून पाय घासतोयस.”

“मावशी, गुडघा फुटलाय.”

“मग ठीक आहे.”

त्या उठायला लागल्या. भाचीनं हात पुढे केला. तेवढ्यात खडीवर आणखी पावलं आली. हरलेला संघ निघाला होता. बूट ओढत, पोतं ओढल्यासारखे. मावशी थबकल्या. हा आवाज त्यांच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. त्यांनी हातानं भाचीला थांबवलं आणि एकेक पाऊल जाऊ दिलं. शेवटी एकटा, मागे राहिलेला, मोठे हातमोजे बगलेत धरून तो बारका पोरगा आला.

“ए, आजी म्हणणाऱ्या!” त्या म्हणाल्या. “इकडे ये.”

तो घाबरत खिडकीशी आला. त्यांनी चौकटीतून हात बाहेर काढून चाचपडत त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. भाची वाट बघत होती, गाडी सुरू होती, त्याचे सोबती पुढे गेले होते.

“तू सांगितलंस म्हणून मला कळलं, बाळा,” मावशी म्हणाल्या. “नाहीतर ऐकायचं राहूनच गेलं असतं.”